अधू पिल्लू घरी आणायचं तर

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावहून आम्ही बोलतोय. एरवी या वेळेला आम्ही शेळ्यांचं लसीकरण, बँकेचे हप्ते, सोयाबीनचं बियाणं असं काहीबाही सांगत असतो. आज कुत्र्याच्या पिल्लाबद्दल सांगायचं आहे, तेही धडधाकट नाही, मागच्या पायांनी अधू असलेल्या पिल्लाबद्दल. विषय ठरला तेव्हा आमच्याच गटात हसू झालं होतं. एक मावशी म्हणाल्या, “मानसाच्या पोरीले कोनी इचारत नाही, अन् तुम्ही कुत्रीच्या पोरीले मांडीवर घेता वं?” त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता आमचं एक वर्ष गेलं, आणि त्यात एकदा जिवावरचं संकटही येऊन गेलं. ते सगळं सांगतो.

मागच्या आषाढात निंदणाहून परत येताना रस्त्याच्या कडेला एक पोतं हलताना दिसलं. आत तीन पिल्लं होती. तिन्ही माद्या. नर असते तर कुणीतरी रखवालीला नेले असते, माद्यांना लोक पोत्यात घालून गावकुसाबाहेर सोडतात, हे आपल्याला काही नवीन नाही. दोन पिल्लं टुणटुणीत होती, ती आठवड्याभरात दोन घरी गेली. तिसरीच्या अंगावरून बहुतेक गाडीचं चाक गेलं होतं. पुढच्या दोन पायांवर ती शरीर ओढायची, आणि एका बाजूला जोर जास्त असल्यानं पुढे जाण्याऐवजी गोल गोल फिरायची. पोरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं. आधी ‘पांगळी’ ठेवलं होतं, ते आम्ही बदलायला लावलं.

आता पहिली गोष्ट. असं जखमी पिल्लू दिसलं की आपला हात पटकन पुढे जातो. तसं करू नका. दुखणारं पिल्लू प्रेमानं उचलणाऱ्यालाही चावतं. हाताला जाड फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. मणक्याला मार असेल अशी शंका असली तर त्याला काखेत धरून लोंबकळू देऊ नका. पाटावर किंवा एखाद्या सपाट फळीवर सरकवून घ्या, आणि फळीसकट उचला. ओकत नसेल, श्वास नीट चालत असेल तर कापडाच्या पट्टीनं तोंड हलकं बांधता येतं. घरातली डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. (डायक्लोफिनॅक तर गिधाडांचाही काळ ठरलं. ते टोचलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडं मरू लागली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या लहानपणी आभाळात घिरट्या घालणारी गिधाडं कुठं गेली, त्याचं उत्तर हे.)

भिंगरीला घेऊन आम्ही आधी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथं सांगितलं, कुत्र्यामागे वेळ घालवू नका, आपोआप मरेल. राग आला, पण परत आलो. मग भाजीपाल्याच्या टेम्पोत जागा मागून तिला अकोल्याला नेलं. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येते. आपल्या भागातल्या बायकांना हे ठाऊक असावं म्हणून सांगतो, गाईम्हशींच्या अवघड दुखण्यालाही ती माहिती कामाची आहे. शिवाय 1962 हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी फिरते, तरी विचारायला काही लागत नाही.

अकोल्याला एक्स-रे निघाला आणि मणक्याला मार असल्याचं कळलं. तिथं डॉक्टरांनी एक गोष्ट करून दाखवली, ती आमच्या डोक्यात पक्की बसली. त्यांनी भिंगरीच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबलं. पाय मागे ओढला गेला. आम्ही खूश झालो, म्हटलं संवेदना आहे! डॉक्टर म्हणाले, पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. पाय मागे ओढला जाणं हे मणक्याच्या खालच्या भागातूनच होतं, मेंदूला त्याचा पत्ताही नसतो. दुखल्याचं मेंदूला कळलं तर पिल्लू केकाटतं, वळून बघतं, चावायला येतं. भिंगरी शांतपणे आमचा पदर चघळत होती. म्हणजे ती पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. हे ऐकायला कठीण होतं, पण खोटी आशा दाखवली नाही हे बरं झालं. नाहीतर आम्ही वर्षभर मालिशवाल्यांकडे आणि ताईतवाल्यांकडे पैसे घातले असते.

सगळं अधूपण सारखं नसतं, हे इथं समजून घ्यायला हवं. तीन पायांचं पिल्लू हे खरं तर अधू म्हणायलाच नको; जखम भरली की ते चार पायांच्या बरोबरीनं पळतं, फक्त त्याचं वजन वाढू द्यायचं नाही. आंधळ्या पिल्लाला घर पाठ होतं. बाज, पाण्याचं भांडं, चूल यांच्या जागा बदलू नका, आणि घरातल्या कुणाच्या पायात घुंगरू असलं तर ते त्याच्यामागे बरोबर चालतं. बहिरं पिल्लू लोकांना हट्टी वाटतं. पांढऱ्याशुभ्र अंगाच्या पिल्लांमध्ये जन्माचं बहिरेपण जास्त आढळतं, हाक मारून आलं नाही म्हणून त्यांना मार बसतो. अशा पिल्लाला हाताच्या खुणा शिकवायच्या, आणि झोपलेलं असताना एकदम हात न लावता जमिनीवर पाय आपटायचा, त्याला हादरा कळतो. काही पिल्लं जन्मापासून दारुड्यासारखी झोकांड्या देत चालतात, मान हलवतात. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग पुरता वाढलेला नसतो. ते दुखणं वाढत नाही, दुसऱ्याला लागतही नाही. डिस्टेंपर नावाच्या रोगातून वाचलेल्या पिल्लाचं अंग मात्र कधी कधी जन्मभर उडत राहतं, आणि तो रोग इतर पिल्लांना लागतो, म्हणून आजारात त्याला वेगळं ठेवावं लागतं.

आणि काही पिल्लं तर अधू नसतातच, उपाशी असतात. नुसत्या भाकरीवर आणि पातळ वरणावर वाढलेल्या पिल्लाची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, चालताना दुखतं. आपल्या पोरांना मुडदूस होतो तसंच. उकडलेलं अंडं, भात, थोडं मांस किंवा मासे आणि डॉक्टर सांगतील तेवढं कॅल्शियम, एवढ्यानं बरीचशी सुधारतात. लहान पिल्लाला दिवसातून 3 ते 4 वेळा थोडं थोडं खायला लागतं. गाईम्हशीच्या दुधानं बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. शिजवलेलं कोंबडीचं हाडूक फुटून आतड्यात रुततं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका त्यांना विषासारखे आहेत, म्हणजे आपली तर्रीची भाजी त्यांच्या वाट्याला नकोच.

आता त्या संकटाबद्दल. हे लक्ष देऊन वाचा, कारण बाकी काही विसरलं तरी चालेल.

भिंगरी आमच्याकडे आल्याचं गावात पसरलं, तशी लोक कुठलीही पिल्लं आणून आमच्या दारात टाकू लागले. भाद्रपदात एक साधारण चार महिन्यांचं पिल्लू आलं. खालचा जबडा लोंबत होता, तोंडातून लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, मागचे पाय लटपटत होते. आणणारा म्हणाला, “घशात हाडूक अडकलं हाय.” गटातल्या एका ताईनं तोंड उघडून आत बोटं घालून बघितलं. हाडूक सापडलं नाही. पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलं.

ते पिल्लू पिसाळलेलं होतं, असं डॉक्टरांनी लक्षणं ऐकताच सांगितलं. आपल्या डोळ्यासमोर पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावत सुटलेलं, दिसेल त्याला चावणारं. पण रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. त्यात जनावर गप्प होतं, अंधारात बसतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाय जातात. बघणाऱ्याला वाटतं बिचाऱ्याला काहीतरी अडकलंय, किंवा ते पांगळं आहे. म्हणजे ज्याला आपण दया करून उचलावं, अगदी तसंच ते दिसतं. म्हणून अचानक पाय गेलेलं, गिळता न येणारं, लाळ गाळणारं, आवाज बदललेलं पिल्लू असेल तर त्याला हात लावू नका. टोपलीखाली झाका, पोरांना दूर ठेवा, पशुवैद्यकांना बोलवा.

त्या ताईला पिल्लू चावलं नव्हतं. तिचं तेच म्हणणं होतं, “मले दात लागलाच नाही.” पण निंदणाच्या दिवसांत आपल्यापैकी कुणाचा हात धड असतो? विळ्यानं कापलेलं, सोयाबीनच्या धसकटानं खरचटलेलं, भेगाळलेलं. अशा फुटलेल्या कातडीवर लाळ लागणं हे रक्त काढणाऱ्या चाव्याच्याच वर्गात धरतात. धड कातडीवर नुसतं चाटलं तर धुणं पुरतं. रक्त न येता ओरखडा आला, कातडी दातात धरली गेली, तर लस घ्यावी लागते. रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीला, तोंडाला, डोळ्याला लाळ लागली, तर लसीबरोबर जखमेत टोचायचं सीरमही लागतं. लस अंगात ताकद तयार करायला काही दिवस घेते, तोवर सीरम पहारा देतं. ते पहिल्या दिवशीच घेतलेलं उत्तम. राहून गेलं तर लस सुरू केल्यापासून 7 दिवसांच्या आत घेता येतं.

तिला कुणीतरी असंही सांगितलं होतं की लहान पिल्लाला विष नसतं. आम्ही शब्दाला शब्द देऊन भांडलो आणि तिला घेऊन गेलो. ते पिल्लू हाताळलेल्या आम्ही आणखी चौघीही गेलो. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कातडीत टोचायची असेल तर पहिला दिवस, म्हणजे शून्य धरून 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडावर. पोटातली 14 इंजेक्शनं केव्हाच इतिहासजमा झाली, आता त्यांची भीती घालणाऱ्याचं ऐकू नका. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस चालते. आणि लस घेण्याआधी, घरीच, ताबडतोब करायचं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुणं. घड्याळ लावून 15 मिनिटं. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरू नका. रेबीज एकदा अंगात उमटला की त्याला औषध नाही, पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर तो अडवता येतो. उमटायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून “आता पंधरा दिवस झाले, राहू द्या” असं म्हणू नका. उशीर झाला तरी जा. ती ताई आज ठणठणीत आहे. तिच्या 28 व्या दिवसाच्या इंजेक्शनला आम्ही सगळ्या सोबत गेलो होतो, जणू ओटी भरायला निघालोय.

हे टाळायचं तर कुत्र्यांनाच लस द्यायची. गोव्यात सरकारनं आणि मिशन रेबीज या संस्थेनं गावोगावी फिरून, जाळी घेऊन भटक्या कुत्र्यांनाही लस टोचली, शाळाशाळांत पोरांना शिकवलं, आणि 2021 साली गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. पिल्लाला रेबीजची लस साधारण 3 महिन्यांची झाल्यावर देतात, मग पुन्हा एक डोस आणि पुढे दरवर्षी. याचा अर्थ, तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःचं संरक्षण नसतं. खेळता खेळता त्याचे सुईसारखे दात लागले तरी तो चावाच. डिस्टेंपर, पार्वो या रोगांची लस त्याआधीच, 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते, आणि जंताचं औषध तर दर पंधरवड्याला लागतं. पार्वोत रक्ताची हगवण लागते, दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं.

भिंगरीकडे परत येऊ. पाठ अधू असलेल्या पिल्लाचं खरं काम पायांचं नसतं, लघवीचं असतं. हे आधी कुणी सांगत नाही. मणका दुखावला की लघवीची पिशवी आपोआप रिकामी होत नाही. ती तुंबते आणि थेंब थेंब गळत राहते. बघणाऱ्याला वाटतं होतेय की लघवी! प्रत्यक्षात आत साचून जंतू वाढतात आणि ताप येऊन पिल्लू मरतं. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा ती हातानं रिकामी करावी लागते. पोटाच्या खालच्या भागात, मागच्या पायांच्या जरा पुढे, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी ती हाताला लागते. दोन्ही बाजूंनी हळू, सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. जोर केला तर आत फुटते. हे रेडिओवर ऐकून किंवा वाचून करायचं काम नाही, डॉक्टरांसमोर आपल्या हातानं करून शिकायचं. आम्हाला जमायला आठ दिवस लागले. सगळ्यात आधी कुणाला जमलं सांगा? त्या गरम डोक्याच्या मावशींना, ज्यांनी पहिल्या दिवशी टोमणा मारला होता. आयुष्यभर म्हशी पिळलेला हात तो.

लघवीला घाण वास आला, ती गढूळ झाली, रक्त दिसलं तर थांबू नका, औषध लागतं.

दुसरं काम कातडीचं. ज्या भागाला दुखत नाही, तो भाग घासून सोलला तरी पिल्लाला कळत नाही. खरखरीत फरशीवर, कोब्यावर ओढत गेलं की जखम, जखमेवर माशी, आणि पावसाळ्यात माशी बसली की दुसऱ्या दिवशी आत अळ्या. म्हणून रोज संध्याकाळी उलटंपालटं करून बघायचं, जशी आपण लेकराची अंघोळ घालताना घडी घडी बघतो. कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, मग खोबरेल तेलाचा हात. अंथरूण मऊ हवं. जुन्या गोधडीवर खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा भाग आणि वर सुती लुगडं, असं आम्ही करतो. लुगडं रोज धुता येतं. एकाच कुशीवर फार वेळ पडू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मागचे पाय सायकलसारखे हळू दहा-पंधरा वेळा हलवायचे, नाहीतर सांधे आखडतात.

आणि तिसरं, गाडा. शहरात अशा कुत्र्यांसाठी चाकांची गाडी विकत मिळते. आम्ही आमचीच केली. गावात नळाची कामं करणाऱ्या पोरानं अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप कापून चौकट बनवली, आणि चाकं बसवली ती एका घरच्या जुन्या पांगुळगाड्याची. पांगुळगाड्यावर आपली सगळ्यांचीच पोरं चालायला शिकली, तेव्हा चाकं वाया गेली नाहीत. चौकट कमरेच्या उंचीची, अंगापेक्षा बोटभर रुंद. मागचा भाग तोलायला जुन्या ब्लाउजच्या अस्तराची झोळी शिवली, तिला लघवी-संडाससाठी मागे मोकळी जागा ठेवली. कडांना कापूस भरलेली पट्टी, नाहीतर मांडीला काचतं. पहिल्यांदा घातला तेव्हा भिंगरी दगडासारखी उभी राहिली. समोर अंड्याचा तुकडा धरला. एक पाऊल, दोन पावलं, आणि मग जी सुटली ती थेट कोंबड्यांत. सुरुवातीला 10-15 मिनिटंच, नंतर हळूहळू जास्त. गाड्यात घालून एकटं सोडायचं नाही, कुठं अडकलं, उलटलं तर त्याला सुटता येत नाही. झोपताना काढायचा. वाढत्या पिल्लाचा गाडा दर महिन्याला मोजून बदलावा लागतो. आमचा तिसरा चालू आहे.

पैशाचंही सांगितलं पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत, गाडीभाडं आणि औषधं धरून, आमचे चार हजारांच्या आसपास गेले. बैठकीत एकीनं सुचवलं, गटाच्या पैशातून घेऊ. आमच्या सचिवबाईंनी ठाम नाही म्हटलं. गटाचा पैसा हा अंतर्गत कर्जाचा, कुणाच्या बाळंतपणाचा, कुणाच्या बियाण्याचा. तो दयेवर खर्च करायचा अधिकार कुणालाच नाही. थोडा वाद झाला, दोघी रुसल्या, पण आम्हाला आज वाटतं सचिवबाई बरोबर होत्या. मग वेगळा डबा केला. ज्यांना वाटेल त्यांनी टाकावं, हिशेब इतिवृत्ताच्या वहीत नाही, वेगळ्या वहीत. ज्यांनी टाकलं नाही त्यांना कधी बोलायचं नाही, हेही ठरलं.

तुमच्या गावात कुणी असं पिल्लू आणायचं म्हणत असेल तर आधी घरात विचारा, दिवसातून चार वेळा घरी कोण असतं? सगळी मजुरीला जाणारी असतील तर एकटीनं आणू नका, हे आम्ही स्पष्टच सांगू. आणलं आणि सोडून दिलं तर हाल दुप्पट. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हाही गुन्हा आहे, हे पोत्यात पिल्लं भरणाऱ्यांनाही सांगा. मादी असेल तर ऑपरेशन करून घ्यावं. अधू मादीला तर पिल्लं होणं जीवघेणं ठरतं, आणि घसटत चालणारी मादी माजावर आली की जंतू लागतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं ऑपरेशन आणि लस ही 2023 च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय मांडला तर पोती हलताना दिसायची नाहीत. आम्ही मांडला आहे, ठराव अजून व्हायचा आहे.

आणि कधी कधी वाचवू नये, हेही सांगतो. वेदना थांबत नसतील, खाणं सुटलं असेल, जखमा भरत नसतील, तर पशुवैद्यकांच्या हातानं शांत मरण देणं हे सोडून देण्यापेक्षा माणुसकीचं आहे. तो निर्णय दुसऱ्यानं करू नये आणि घेणारीला कुणी नावं ठेवू नयेत.

मावशींच्या पहिल्या प्रश्नावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं हे शहरातलं फॅड आहे. पण आपल्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याच विदर्भात हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांच्या दवाखान्याबरोबर पोरक्या वन्य प्राण्यांचं अनाथालय उभं केलं. त्याची सुरुवात झाली ती शिकार झालेल्या माकडिणीच्या छातीला चिकटलेल्या एका पिल्लापासून. माणसांचा दवाखाना त्यामुळे मागे पडला नाही. मुंबईत परळला जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. राजस्थानात उदयपूरजवळ अॅनिमल एड अनलिमिटेड या संस्थेत तर लुळ्या कुत्र्यांसाठी वेगळा भागच राखलेला आहे. मावशींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते मोठे लोक. आपल्या पोरीचं काय?”

त्यावर आम्ही गप्प बसलो. पण एक घडलं ते सांगतो. आमच्या गावात पायानं अधू अशी एक मुलगी आहे. ती अंगणवाडीनंतर घरीच होती, शाळेत पोरं चिडवतात म्हणून. भिंगरीचा गाडा बघायला ती रोज यायला लागली. तिला ‘पांगळी’ म्हणणारी पोरं भिंगरीला तसं म्हणेनाशी झाली होती, तेव्हा तिलाही म्हणताना अडखळू लागली. तिच्या आईनं आम्हाला विचारलं, मानसाच्या पोरीसाठी असा काही गाडा भेटते का? म्हणजे अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड, तीनचाकी, हे सगळं असतं हे त्या घराला माहीतच नव्हतं. आणि आम्हीही, गट चालवणाऱ्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या, कधी सांगायला गेलो नव्हतो. हे आम्हाला फार लागलं. तिचा दाखला आता काढला आहे, जून महिन्यापासून ती शाळेत जाते. मावशींनी त्या दिवशीपासून तो प्रश्न विचारला नाही, आम्हीही त्यांना आठवण करून दिली नाही.

भिंगरी सध्या एका एकट्या राहणाऱ्या ताईकडे असते. सकाळची लघवी ताई, दुपारची मावशी, चारची आमच्यापैकी जी घरी असेल ती, रात्रीची पुन्हा ताई, असा पाळीचा कागद दाराला लावला आहे. ताई दिवाळीला आठ दिवस माहेरी जाणार आहे. त्या आठ दिवसांच्या पाळ्या अजून ठरायच्या आहेत, येत्या मंगळवारच्या बैठकीत तोच पहिला विषय आहे.